बिराप्पाबरोबर पाहिलेले पब

सोलापुरात त्या काळी बियर प्यायची तर परवाना लागायचा. डॉक्टरांकडून 'प्रकृतीसाठी आवश्यक' अशी चिठ्ठी घ्यायची, मग एक लहानसं पुस्तक मिळायचं, ते खिशात घालून स्टेशनाजवळच्या एका हॉटेलाच्या मागच्या खोलीत बसायचं. त्या खोलीला खिडकी होती, पण तिच्या काचांना हिरवा रंग फासलेला. ओळखीचं कुणी समोर आलं तर दोघेही एकमेकांना न पाहिल्यासारखं करायचे. मला बियर आवडायची, पण ती अशी चोरासारखी प्यायला आवडत नसे. त्यामुळे आमच्या कापडगिरणीनं मला माग आणायला दोन महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार मागांचा आला नाही. पबांचा आला. पब म्हणजे तिथलं गावोगावचं मद्यगृह. तिथं माणसं उघड्या दारानं आत जातात, शेकोटीपाशी बसतात, गप्पा मारतात, हे मी वाचून होतो. दोन-तीन मित्रांनी तर बजावलंच, चांगले चांगले पब शोध, नावं लिहून आण, परत आल्यावर सगळं लिहून काढ. आज लिहायला बसलोय खरा, पण मित्रांना हवं होतं तसलं हे लिखाण होणार नाही.

मी गिरणीत असिस्टंट विव्हिंग मास्तर, म्हणजे विणकाम खात्याचा दुय्यम प्रमुख होतो. लँकेशायरमधली एक कापडगिरणी बंद होत होती. तिचे माग आमच्या गिरणीनं विकत घेतले होते. ते खोलायचे, प्रत्येक भागावर खूण घालायची, पेट्यांत भरून बोटीनं धाडायचे, हे आमचं काम. बोलणं आणि कागद माझ्याकडे, आणि हात बिराप्पाचे.

बिराप्पा आमचा फिटर. मूळचा कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मैंदर्गीचा, मेंढपाळाच्या घरातला. विशीत सोलापूरला आला आणि तेल घालणाऱ्या हेल्परपासून चढत फिटर झाला. नुसत्या आवाजावरून मागात काय बिघडलंय ते सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करायचो. गिरणीचा रिवाजच तसा होता. नव्या पेठेतल्या शिंप्याकडून त्यानं कोट शिवून घेतला होता. तो खांद्यांत आखूड झाला होता, त्यामुळे सगळ्या प्रवासात तो हात थोडे मागे ओढून बसल्यासारखा दिसायचा.

मँचेस्टरला उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि अंधार पडला होता. स्टेशनावर निम्मे दिवे बंद. आम्हाला न्यायला गिरणीचा जुना फिटर आर्थर आला होता. वय बासष्ट, डोक्यावर कापडी टोपी, हाताचा पंजा फावड्याएवढा. मोटारीत त्यानं परिस्थिती सांगितली. खाणकामगारांचं आणि सरकारचं बिनसलेलं. कोळसा तुटला म्हणून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज. उरलेले चार दिवस घरी बसायचं.

"तुमच्याकडे अशी वेळ येते का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "आमच्याकडे नुकताच दुष्काळ होऊन गेला."

त्यानं मान डोलावली. थोड्या वेळानं म्हणाला, "हे माग मीच उभे केले होते. आता खोलायलाही मीच. तुमचं काम झालं की माझंही संपलं."

गाव डोंगराच्या कुशीत होतं. काळ्या पडलेल्या दगडांची एकसारखी घरं, गिरण्यांची धुराडी, आणि त्यांतल्या फारच थोड्यांतून निघणारा धूर. एका विधवा बाईच्या घरी आम्हाला वरची खोली मिळाली. दोरीवर टाकलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नसत. बिराप्पानं ट्रंकेतून शेंगाची चटणी आणि कडक भाकरींची चवड काढून खिडकीत मांडली आणि म्हणाला, "मास्तर, महिनाभर तर पुरतंय."

पहिल्याच रिकाम्या दिवशी मी एकटा पब बघायला निघालो. मोठ्या रस्त्यावर पितळी दिव्याचा एक ऐटदार पब होता. आत दोन म्हातारे आणि एक कुत्रा. गल्ल्यामागच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, हातातला ग्लास पुसत राहिला आणि म्हणाला, "आज खाजगी कार्यक्रम आहे."

मी त्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं. म्हाताऱ्यांपैकी एकानं मान खाली घातली. मी "सॉरी" म्हणालो. मी का म्हणालो ते अजून कळलेलं नाही. दार लागताना मागं कुणीतरी हसलं.

त्यानंतर एकट्यानं पबात शिरायची मला भीती बसली. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. बिराप्पाला एवढंच म्हणालो, "खोलीत कुढत काय बसतोस, चल माझ्याबरोबर." दोघं असलो की बरं वाटायचं. पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं आहे.

आर्थरला मी पितळी दिव्याच्या पबाचं सांगितलं. तो म्हणाला, "तिथं आम्हीही जात नाही. दिवे बघून पब निवडू नका. दाराची पायरी बघा, रोज धुतलेली आहे का. आत न बोलता बसलेले म्हातारे आहेत का बघा. आणि रिकामे ग्लास बघा. बियर चांगली असेल तर प्रत्येक घोटागणिक ग्लासाच्या आत फेसाचं कडं राहतं. पाच कडी म्हणजे पाच घोट."

हे शिक्षण फार उपयोगी पडलं. आर्थरनं आम्हाला गावाच्या वरच्या अंगाच्या एका पबात नेलं. पाटीवर वळलेल्या शिंगांचा मेंढा रंगवलेला होता. बिराप्पा पाटीखाली उभा राहून बराच वेळ बघत राहिला. आत दोन खोल्या होत्या. एकीत गालिचा, तिथं बायका आणि कोटवाले. दुसरीत फरशी, लाकडी बाकं, डोमिनो हा ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ खेळणारे गिरणीवाले. वीज नव्हती म्हणून बाटल्यांच्या तोंडात मेणबत्त्या खोचलेल्या. कोळशाची शेकोटी मात्र भरपूर पेटलेली. मालकीण नेली नावाची जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. लाकडी दांडा ओढून ती तळघरातल्या पिंपातून बियर वर काढायची. एक बिटर (कडवट, तांबूस) आणि एक माइल्ड (काळसर, सौम्य). मी बिटर घेतली. ती गार नव्हती, माठातल्या पाण्याइतकी. पहिल्या घोटाला मातकट लागली, तिसऱ्याला भाजलेल्या धान्याची चव आली, आणि नंतर मला सोलापूरची ती हिरवी खिडकी आठवली आणि वाटलं, माणसानं असं बसून प्यावं.

बिराप्पानं संत्र्याचं सरबत मागितलं. कुणी हसलं नाही. नेलीनं ते बियरच्याच मोठ्या ग्लासात भरून दिलं, तो वेगळा दिसू नये म्हणून.

"तू अजिबात घेत नाहीस?" मी विचारलं. गिरणीत त्याच्याबद्दल काहीबाही ऐकलं होतं, पण तपशील माहीत नव्हता.

"घेत हुतो की. लई घेत हुतो." त्यानं शेकोटीकडे बघत सांगितलं. "सा वर्सं झाली. भावाचा निरोप आला, आई लई आजारी हाय, ये म्हनून. पगार घेऊन निगालो. अक्कलकोटला येष्टी बदलायची हुती. स्टँडमागं शिंदीचं दुकान. म्हनलं, एक ग्लास घिऊ. मैंदर्गीला पोचलो तिसऱ्या दिवशी. आईच्या मातीला बी न्हवतो मास्तर."

मी माझा ग्लास बाजूला ठेवला.

"शांतव्वा काय बोल्ली न्हाय," तो म्हणाला. शांतव्वा त्याची बायको. "भांडली आसती तर बरं झालं आसतं. मग म्याच तिला म्हनलं, आता न्हाय. तवापास्नं न्हाय."

आर्थरनं विचारलं, काय म्हणतोय. मी थोडक्यात सांगितलं. आर्थर उठला आणि त्यानं बिराप्पासाठी आणखी एक सरबत आणून ठेवलं.

पहिले तीन आठवडे बरे गेले. तीन दिवस काम, चार दिवस पायपीट. माझ्या वहीत पबांची नावं वाढत होती. कालव्याकाठच्या एका पबात काळ्या सॉसेजचे काप मिळाले. बिराप्पानं एक तुकडा खाल्ला आणि त्याचा चेहरा उजळला. "ही तर रक्ती की!" आमच्याकडे बकऱ्याचं रक्त शिजवून करतात ती रक्ती. मी चौकशी केली तर रक्त डुकराचं निघालं. त्यानं ताटली हळूच माझ्याकडे सरकवली. एकदा तो चटणीची पुडी घेऊन आला. आर्थरनं चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळ्यांतून पाणी काढलं, ग्लास संपवला आणि पुन्हा चिमूट मागितली. त्या दिवशी सगळं टेबल चटणीवर तुटून पडलं.

एका रविवारी डोंगरमाथ्यावरच्या पबाकडे चालत निघालो. वर झाड नाही, नुसतं पिवळं गवत, दगड रचून केलेल्या लांबच लांब भिंती, आणि मेंढ्या. काळ्या तोंडाच्या, जमिनीपर्यंत लोकर लोंबणाऱ्या. बिराप्पा भिंत ओलांडून आत गेला. एका मेंढीच्या पाठीत बोटं खुपसून त्यानं लोकरीचा वास घेतला. मग ताठ उभा राहून त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गावाकडं घालतात तशी साद घातली, "बा, बा, बा" (कानडीत ये, ये, ये). मेंढ्यांनी माना वर केल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागल्या.

"भाषा न्हाय कळली त्यास्नी," तो म्हणाला. परत येताना तो मागं वळून मेंढ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "भावानं गेल्या दुस्काळात मेंढरं खाली कर्नाटकात हाकली. निम्मी वाटंतच मेली. हितं बगा, कुनी राखन करायला बी न्हाय आन् कशी फुगल्यात."

नेलीच्या ओळखीनं आम्हाला शेजारच्या खोऱ्यातली ब्रुअरी (बियरची भट्टी) बघायला मिळाली. वीज नसली तरी तिथलं बरंचसं काम वाफेवर चालायचं. पांढऱ्या कोटातला मुख्य ब्रुअर स्वतः फिरवायला आला. हिंदुस्थानातून कुणी आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं, त्याला फार अप्रूप. मोड आणून भाजलेलं जव त्यानं आमच्या तळहातावर ठेवलं, चावून बघा म्हणाला. मोठाल्या पिंपांत गरम पाण्यात भरड भिजत होती. वास थेट आंबिलीचा. तांब्याच्या घराएवढ्या कढईत तो अर्क उकळत होता, त्यात वाळलेली हिरवी फुलं टाकत होते, कडूपणा येतो तो त्यांचा. शेवटच्या दालनात आंबवायचे हौद. वर हातभर तपकिरी फेस. वाकून बघितलं तर नाकात झिणझिण्या आल्या.

"एका पिपाला पानी किती लागतं, इचारा की," बिराप्पा म्हणाला.

ब्रुअरनं सांगितलं, धुण्यापुसण्यासकट सहा-सात पिंपं. बिराप्पानं मान डोलावली.

मग आम्हाला चव घ्यायच्या खोलीत नेलं. स्वच्छ पांढरं टेबल, तीन ग्लास. ब्रुअरनं स्वतःच्या हातानं भरले. बिराप्पानं हात जोडले. "आपल्याला न्हाय जमायचं, मास्तर. सांगा त्यास्नी."

मी सांगितलं. ब्रुअरचा चेहरा पडला. "धर्माचं आहे का काही? की आमच्या हातचं चालत नाही?"

मला शरम वाटली. त्या माणसानं दोन तास आमच्यासाठी घालवले होते. पितळी दिव्याच्या पबातून मला हाकलणारा आणि हा, एकाच देशातले. ह्यानं आदरानं ग्लास पुढं केला होता आणि तो आम्ही परत करत होतो. असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, मला फक्त त्या साहेबासमोर बरं दिसायचं होतं.

"अरे, ही काय हातभट्टी आहे?" मी बिराप्पाला म्हणालो. "जवाचं पाणी आहे. त्यांचा मान राख."

"न्हाय मास्तर. शांतव्वाला सांगितलंय म्या."

"शांतव्वा इथं कुठं बघायला येतेय?"

हे मी हसत म्हणालो. बिराप्पानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वरिष्ठानं सांगितलेलं काम समजून घेताना तो पाहायचा तसं. मग त्यानं ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तसा एका दमात रिकामा केला.

"कडू हाय," तो म्हणाला.

ब्रुअर खूष झाला. त्यानं पुन्हा भरला.

पुढच्या आठवड्यात नेलीकडे बिराप्पानं सरबत मागितलं नाही. नेलीनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि माइल्ड भरली. आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचे काही दिवस मला आवडले. बिराप्पा खुलला. डोमिनो शिकला. एका दुपारी त्यानं गळा मोकळा करून धनगरी ओवी म्हटली. सगळा पब डोमिनो थांबवून ऐकत राहिला, मग ग्लासावर ग्लास त्याच्यापुढे आले. माझ्याकडे आता कुणी रोखून बघत नव्हतं. बिराप्पाचा मित्र म्हणून मला जागा सरकवून द्यायचे. एकदा आर्थर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तुझ्या माणसाला आवर." मी म्हणालो, "चार दिवस मजा करतोय, करू दे."

मग तो माझ्याशिवाय जाऊ लागला. सकाळी अकराला दारं उघडायची, हा साडेदहापासून पायरीवर. तीनला ती बंद झाली की खोलीत येऊन झोपायचा. पलंगाखाली काळ्या बियरच्या बाटल्या सापडल्या. मी बोललो तेव्हा त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय मास्तर. उद्यापास्नं न्हाय." ते शब्द त्यानं किती वेळा उच्चारले ते मी मोजलं नाही. चटणी खिडकीत तशीच पडून राहिली, तिला दमट वास आला. शांतव्वानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं, ते मीच त्याला वाचून दाखवलं. तब्येत जपा, थंडीत कान बांधा, भावाला दोन कोकरं झाली आहेत. त्यानं पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि कोट घालून बाहेर गेला.

सातव्या आठवड्यात कामाची घाई उडाली. शुक्रवारी लॉऱ्या येणार होत्या आणि वीज होती बुधवारपर्यंतच. बुधवारी सकाळी आठला कामावर उभे राहिलो तेव्हा बिराप्पाच्या तोंडाला वास येत होता. मला आला. पण अजून चार माग उतरवायचे होते आणि त्याच्याशिवाय ते व्हायचे नाहीत. मी म्हणालो, "जरा जपून." एवढंच म्हणालो.

मागाची बाजूची चौकट बिडाची असते, दोन माणसांना हलत नाही. ती साखळीनं उचलून खाली पाटावर ठेवायची. आर्थर साखळीवर होता. बिराप्पा चौकट हातानं धरून दिशा देत होता. हे त्यानं शेकडो वेळा केलं होतं. चौकट टेकायच्या आधी हात काढायचा असतो. त्यानं काढला नाही. काढायला उशीर केला, एवढंच. आवाज फार मोठा झाला नाही. बिराप्पाही ओरडला नाही. आश्चर्यानं बघितल्यासारखा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. आर्थरनं उलटी साखळी ओढायला सुरुवात केली आणि ओढता ओढता तो रडायला लागला.

इस्पितळात उजव्या हाताची अंगठा सोडून चारही बोटं काढावी लागली.

डॉक्टरनं मला विचारलं, "हा प्यायलेला होता?" मी म्हणालो, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी अपघाताचा कागद भरायचा होता. प्यायलेला असल्याचं लिहिलं असतं तर सोलापूरला त्याला काहीच मिळालं नसतं. 'प्रकाश अपुरा होता', असं मी लिहिलं. साक्षीदार म्हणून आर्थरनं सही केली. सही करून पेन माझ्या हातात देताना तो म्हणाला, "वास मलाही आला होता. मीही त्याला बाजूला केलं नाही. शुक्रवार डोक्यात होता." मग टोपी घालून गेला. त्यानंतर तो नेलीच्या पबात दिसला नाही.

इस्पितळात बिराप्पाजवळ मी रोज बसायचो. एके दिवशी तो म्हणाला, "मास्तर, घरी एक सांगायचं. ती भट्टीतली गोष्ट काडायची न्हाय. म्या माज्या हातानं घेतली. बास."

"पण ते खरं नाही, बिराप्पा."

"खरं सांगून माजी बोटं येत्यात व्हय? तुमाला गिरणीत ऱ्हायचंय. मला बी तुमच्याच हाताखाली ऱ्हायचंय."

मी कबूल झालो. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

परतीचा प्रवास आठवत नाही. आठवतं ते सोलापूर स्टेशन, सकाळची वेळ. शांतव्वा आणि बिराप्पाचा भाऊ आले होते. शांतव्वा ठेंगणी, काळीसावळी, कपाळभर कुंकू. मैंदर्गीकडच्या बायका नेसतात तसं इरकल लुगडं. तिनं नवऱ्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मग जवळ जाऊन त्याच्या तोंडाकडे. मुंबईला विमानतळाबाहेर त्यानं काय घेतलं होतं ते वासावरून तिला कळलं. तिनं ट्रंक उचलली आणि चालायला लागली. माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "तुमी सुखरूप आलासा की."

उन्हाळ्यात पेट्या आल्या. माग उभे करायला दुसरे फिटर लावले. बिराप्पा स्टुलावर बसून डाव्या हातानं दाखवायचा, कुठला नट कुठं. दुपारनंतर त्याचं बोलणं कळेनासं व्हायचं. पुढं त्याला गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला बसवलं. मी जाता-येता त्याला नमस्कार करायचो. अरेतुरे करणं मी सोडलं होतं. त्यानं ते ओळखलं, पण कधी बोलून दाखवलं नाही. तीन वर्षांनी कावीळ झाली आणि तो गेला.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी गिरणीमागच्या चाळीत त्यांच्या खोलीवर गेलो. शांतव्वा आणि तिची जाऊ ज्वारी निवडत बसल्या होत्या. जावेला मराठी फारसं यायचं नाही. मला पोतं अंथरून दिलं. मी पाणी प्यालो आणि सगळं सांगितलं. मला एकट्याला पबात जायची भीती वाटायची ते, ब्रुअरीतलं ते पांढरं टेबल, 'जवाचं पाणी' म्हणालो ते, आणि "शांतव्वा इथं कुठं बघायला येतेय" हेही. ते सांगताना मला खाली बघावं लागलं.

तिचे हात थांबले होते. मला वाटलं, आता ती मला बाहेर काढेल. मी तयार होतो.

तिनं विचारलं, "तवा ते न्हाय म्हनले हुते?"

"हो."

"किती डाव?"

"दोनदा. दोनदा स्पष्ट नाही म्हणाले."

"मला तर सांगितलं, इमानातनं उतरलो आन् म्याच घेतली." तिनं हातातली ज्वारी सुपात टाकली. "तीन वर्सं म्या त्येला त्येच बोलत आले. दिल्याला शब्द दोन दिस बी पाळला न्हायस म्हनून. ते बी ऐकून घेत हुते."

मग ती जावेकडे वळली आणि कानडीत म्हणाली, "एरड सल ब्याड अंद" (दोन वेळा नको म्हणाला). जावेनं काही न कळून मान हलवली. शांतव्वानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू, एकेक शब्द वेगळा करून. मग सूप पुढं ओढलं.

मला जा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. थोडा वेळ थांबून मी उठलो. चाळीबाहेर आलो तेव्हा पहिली पाळी सुटली होती. गिरणीचं दार उघडं होतं आणि आतून लँकेशायरच्या मागांचा आवाज येत होता. एक माग किंचित लंगडत होता. कुठला पुर्जा सैल आहे ते मला ओळखू येईना.